पाहुण्याचे अरण्य

१

गेल्या फाल्गुनात आमच्या शाळेतील नववीच्या वर्गाला घेऊन दाजीपूरच्या अरण्यात जाण्याचा योग आला. परत आल्यावर शिरस्त्याप्रमाणे मुलांना सहलीवर निबंध लिहावयास सांगितला. एका हुशार मुलाने लिहिले होते की, गर्द झाडीत पाऊल टाकताच दुरून वाघाची डरकाळी ऐकू आली व सर्वांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्या दिवशी तो मुलगा सबंध वेळ माझ्या शेजारी होता. डरकाळी त्याने ऐकली नव्हती. मीही ऐकली नव्हती. त्याला बोलावून विचारले, तेव्हा जराही न ओशाळता तो म्हणाला, "सर, जंगलाच्या धड्यात असंच असतंय की."

या उत्तराने मी निरुत्तर झालो. असत्य लिहिल्याबद्दल त्याला रागावणे सोपे होते. परंतु त्याच्या लेखी त्याने असत्य लिहिलेच नव्हते. त्याने वाङ्मयातील एक रूढी पाळली होती आणि ती रूढी त्याच्या हाती देणारा शिक्षक मीच होतो. अठ्ठावीस वर्षे मी वर्गात अरण्यावरील उतारे वाचून दाखवीत आलो आहे. त्यांतील उपमा, चेतनगुणोक्ती, शब्दचित्रे मुलांकडून ओळखून घेत आलो आहे. त्या उताऱ्यांतील कोणती गोष्ट लेखकाने डोळ्यांनी पाहिली असेल आणि कोणती केवळ लिहिण्याच्या ओघात आली असेल, हा प्रश्न मात्र मी एकदाही विचारला नाही. मराठीतील अरण्यविषयक वाङ्मय आपणांस अरण्य पाहावयास शिकविते, की अरण्यावर कसे लिहावे एवढेच शिकविते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

२

आरंभी एका भौगोलिक गोष्टीकडे लक्ष वेधतो. मराठीत अरण्यवाङ्मय म्हटले की दोन नावे प्रथम ओठांवर येतात: व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) आणि मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५). पहिले माणदेशातील माडगूळचे, दुसरे सोलापूरचे. दोन्ही मुलूख पावसाने पाठ फिरविलेले. जेथे बाभूळ आणि हिवर यांची सावली हीच झाडी, अशा प्रदेशांतले. त्यांच्या जोडीला दुर्गाबाई भागवत आठवतात. 'ऋतुचक्र' (१९५६) लिहिणाऱ्या दुर्गाबाईंचे वास्तव्य मुंबईसारख्या महानगरात होते. म्हणजे ज्यांच्या अंगणात अरण्य नव्हते, त्यांनी मराठीला अरण्य दिले.

हा योगायोग असेलही. परंतु त्याचा वाङ्मयावर उमटलेला ठसा योगायोगाचा नाही. आपले अरण्यवाङ्मय हे बहुतांशी पाहुण्याचे वाङ्मय आहे. 'पाहुणा' हा शब्द 'पाहणे' या क्रियापदापासून निघालेला नाही, तो संस्कृत 'प्राघुण' शब्दाचा वंशज आहे, हे मी जाणतो; तरीही कानाला हे दोन शब्द सख्खे वाटतात आणि अरण्याच्या बाबतीत तर ते सख्खेच आहेत. अरण्यात राहणाऱ्याला पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पाहावयास जातो तो बाहेरचा.

पाहुण्याच्या दृष्टीचे लाभ मोठे आहेत. घरच्याला जे नित्याचे झाले, ते त्याला नवे दिसते. तथापि त्याच दृष्टीत दोष दडलेला असतो. पाहुण्यासमोर यजमान ठेवणीतली भांडी काढतो. पाहुणा माजघरापर्यंत जातो, चुलीपर्यंत जात नाही. आणि मुक्काम थोडा असल्याने काहीतरी विशेष घडावे, अशी त्याची आतून इच्छा असते. विशेष घडले नाही, तर लेखणी ते घडविते. माझ्या विद्यार्थ्याची डरकाळी तिथूनच आली.

३

माडगूळकरांचे मोठेपण असे की, त्यांनी ही पाहुण्याची हाव स्वतःत ओळखली आणि शिस्तीने आवरली. ते एके काळी शिकारी होते, ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. बंदूक त्यांनी खाली ठेवली. परंतु बंदुकीने शिकविलेली विद्या टाकली नाही. वाऱ्याची दिशा पाहून चालणे, वाळल्या पानावर पाय न पडू देणे, तासन्‌तास एका जागी बसणे, दिसलेल्या खुणेपासून न दिसलेल्या जनावराचा माग काढणे, ही सारी शिकाऱ्याची साधना होय. 'नागझिरा' वाचताना ही साधना वाक्यावाक्यांत जाणवते. शिवाय ते चित्रकार होते. दोन-तीन रेघांत आकार उभा करावा आणि थांबावे, ही रेखाटनाची रीत त्यांच्या गद्यातही उतरली आहे. त्यांची वाक्ये आखूड आहेत. विशेषण क्वचित येते. आले तर ते उपयोगाचे असते.

नागझिऱ्याचे अरण्य तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले. १९७० साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज ते नवेगावसह २०१३ साली स्थापन झालेल्या व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. माडगूळकर तेथे मुक्कामाला राहिले. ज्या वाचकाला पानोपानी वाघ हवा असेल, त्याने हे पुस्तक उघडू नये. त्यात वाट पाहणे आहे, आणि वाट पाहता पाहता जे सहज दिसले त्याची नोंद आहे. अरण्यवाचनाचा पहिला पाठ म्हणून मी आज वर्गात हेच पुस्तक घेईन.

तथापि त्यांची खरी कसोटी 'सत्तांतर' या लहानशा कादंबरीत लागते. ही कृती १९८२ ची. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतील सत्ताबदल हा तिचा विषय. बाहेरचे नर येतात, टोळीचा धनी हटविला जातो, पिल्ले मारली जातात, नवी घडी बसते. आपल्या समीक्षेने या पुस्तकाचे शीर्षक पाहिले, नुकतीच उलटून गेलेली राजकीय वर्षे आठवली आणि बहुतेक वेळा ते रूपक म्हणून वाचले. मीही अनेक वर्षे तसेच शिकवीत आलो. वानर म्हणजे आपण, टोळी म्हणजे राज्य, असे फळ्यावर दोन रकाने आखून मी समीकरण मांडीत असे.

आज ते वाचन मला उथळ वाटते, आणि त्याचे कारण आमच्याच परिसरात सापडते. वानरांच्या टोळीतील हा उत्पात शास्त्रीय रीतीने प्रथम नोंदविला गेला तो धारवाडच्या जंगलात. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६१ ते १९६३ या काळात तेथील टोळ्यांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नवा नर टोळीत शिरल्यावर पिल्ले मारली जातात, ही गोष्ट तेव्हा कित्येक विद्वानांना अविश्वसनीय वाटली. पुढे अबूच्या वानरांवर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने केलेला अभ्यास १९७७ साली ग्रंथरूपाने आला आणि या वर्तनाचा अर्थ काय, यावर जगभर वाद माजला. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो, असा हर्डी यांचा युक्तिवाद होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 'सत्तांतर'चे धाडस कळते. माडगूळकरांनी वानरांना माणसाची भाषा दिली नाही, पश्चात्ताप दिला नाही, न्यायही दिला नाही. पिल्लू मेल्यावर वाचकाला जो धक्का बसतो, तो लेखकाने शब्दांनी फुगविलेला नाही. हे पुस्तक राज्यकर्त्यांवर आहे असे म्हटले की तो धक्का आपण आपल्या सोयीच्या जागी नेऊन ठेवतो आणि वानर नजरेआड होतात. रूपकाचा अर्थ तेथे नाही असे माझे म्हणणे नाही. शीर्षक निवडताना लेखकालाही तो जाणवला असणार. माझे म्हणणे एवढेच की, तो अर्थ दुसरा आहे. पहिला अर्थ वानरांचाच आहे. प्राण्यावरील प्रत्येक कथेत माणूस शोधणे हीदेखील पाहुण्याचीच खोड आहे; तो दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवर आरसाच शोधतो.

माडगूळकरांची मर्यादा वेगळी आहे. त्यांच्या अरण्यात माणूस फार थोडा आहे. स्थानिक माणसे येतात, परंतु कडेकडेने. मध्यावर एकटा पाहणारा आणि पाहिले जाणारे जनावर, एवढेच. 'माणदेशी माणसं' लिहिणाऱ्या लेखकाने अरण्यात शिरताना माणसांना वेशीबाहेर ठेवावे, हे विचार करण्याजोगे आहे. गावाने दिलेला शीण घालविण्यासाठीच तो अरण्यात जात असावा. परंतु त्यामुळे वाचकाच्या मनात एक चित्र पक्के होते: खरे अरण्य म्हणजे निर्मनुष्य अरण्य. भारतात असे अरण्य फार थोडे आहे.

४

चितमपल्ली यांची वाट येथेच निराळी होते. ते वनखात्यात अधिकारी होते; तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी अरण्यात नोकरी केली. म्हणजे ते पाहुणे म्हणून गेले आणि भाडेकरू होऊन राहिले, असे म्हणावे लागेल. या दीर्घ मुक्कामामुळे माडगूळकरांना जे साधले नाही ते त्यांना साधले: ते अरण्यातील माणसांशी बोलले. गोंड, माडिया, कोरकू, पारधी, ढीवर यांच्याकडून त्यांनी पाखरांची नावे घेतली, झाडांचे उपयोग घेतले, ऋतूंचे आडाखे घेतले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' या पुस्तकांतील गोडवा त्या संभाषणांचा आहे. संस्कृतातील 'मृगपक्षिशास्त्र' हा हंसदेवाचा ग्रंथ मराठीत आणण्यातही त्यांचा वाटा होता.

मराठी भाषेवर त्यांचे जे ऋण आहे, ते मी शिक्षक म्हणून सर्वांत मोठे मानतो. कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार', बगळ्या-करकोच्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार', असे शब्द त्यांनी रूढ केले. शब्द मिळाला की वस्तू दिसू लागते. आमच्या गावाच्या नदीकाठी एका जुन्या चिंचेवर दरवर्षी बगळे घरटी करतात. ते दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो होतो. परंतु त्याला नाव आहे हे कळल्यावर प्रथमच मी त्या झाडाखाली थांबलो.

परंतु आदर राखूनही दोष सांगितला पाहिजे. चितमपल्ली यांच्या लेखनात स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले यांच्यामधली रेघ पुष्कळदा पुसट होते. वनवासींची समजूत, जुन्या ग्रंथातील वचन आणि लेखकाची नोंद ही तिन्ही एकाच सुरात, एकाच विश्वासाने येतात. लोकसमजूत हीसुद्धा मौल्यवान आहे. ती समजूत म्हणून यावी, एवढीच अपेक्षा. अन्यथा भोळा वाचक सारेच निरीक्षण समजतो आणि चिकित्सक वाचक खऱ्या निरीक्षणावरही संशय घेऊ लागतो. माडगूळकरांपाशी खात्री आहे, परंतु माणसे थोडी. चितमपल्लींपाशी माणसे आहेत, परंतु खात्री थोडी. मराठी अरण्यवाङ्मय या दोन टोकांमध्ये उभे आहे.

५

सीमेवरच्या गावात राहण्याचे जे काही लाभ आहेत, त्यांत दुसरी भाषा फुकट मिळते हा एक. आमच्या सदलग्यात बाजार दोन्ही भाषांत चालतो. कन्नड कादंबऱ्या मी मुळातून वाचू लागलो, तेव्हा अरण्याचे दुसरे रूप पुढे आले. कुवेंपू मलेनाडातच वाढले. त्यांच्या 'मलेगळल्ली मदुमगळू' (१९६७) या कादंबरीत अरण्य पाहावयास कोणी जात नाही; माणसे तेथे लग्न करतात, भांडतात, कर्ज काढतात, मरतात आणि पाऊस सतत पडत राहतो. अरण्य हे तेथे दृश्य नाही, हवामान आहे.

पूर्णचंद्र तेजस्वी यांची 'कर्वालो' (१९८०) तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते. एका उडत्या सरड्याचा शोध हा तिचा विषय. कर्वालो हे शास्त्रज्ञ. परंतु तो सरडा ज्याने पाहिला आहे तो मंदण्णा हा मधमाश्यांची पोळी उतरविणारा, गावाच्या लेखी कुचकामी माणूस. शास्त्रज्ञ त्याच्याकडे शिष्यासारखा जातो. पाहणारा आणि राहणारा यांची येथे गाठ पडते, आणि पाहणाऱ्याचे ज्ञान राहणाऱ्याच्या डोळ्यांवर उभे आहे, हे तेजस्वी विनोदाच्या अंगाने सांगून जातात. शेवटी सरडा दिसतो आणि निसटतो. लेखकाने तो मुठीत पकडून वाचकाच्या हाती दिला नाही, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

मग मराठीत घरच्याचे अरण्य नाहीच काय? आहे, परंतु ते आपण त्या कपाटात ठेवलेले नाही. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड', भुजंग मेश्राम यांची कविता, हे वाङ्मय आपण 'आदिवासी साहित्य' या निराळ्या फळीवर ठेवतो आणि 'निसर्गलेखन' ही फळी पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. डोंगर ज्यांच्या भाकरीत आहे त्यांचे लिहिणे सामाजिक, आणि डोंगर ज्यांच्या सुटीत आहे त्यांचे लिहिणे निसर्गविषयक, ही वाटणी कोणी केली? आमच्यासारख्या शिक्षकांनी आणि अभ्यासमंडळांनी. ही फळ्यांची अदलाबदल झाल्याखेरीज मराठी अरण्यवाङ्मयाची समीक्षा पुरी होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

६

आता दाजीपूरकडे वळतो. कोल्हापूर संस्थानच्या काळातले हे शिकारीचे राखीव रान १९५८ साली अभयारण्य झाले. गव्यांसाठी राखलेले हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. निपाणीहून मुधाळतिट्टा, राधानगरी असा फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता त्याच्या अंगावरून जातो. एका बाजूस राजर्षी शाहू छत्रपतींनी आरंभ केलेल्या राधानगरी धरणाचे पाणी, दुसऱ्या बाजूस दूधगंगेवरील काळम्मावाडीचे पाणी.

ही दूधगंगा आमच्या गावावरून वाहते. काळम्मावाडीचा प्रकल्प महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा; त्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस उभा आहे. म्हणजे ज्या अरण्याला आम्ही पाहुणे म्हणून गेलो, त्याचे पाणी आम्ही जन्मभर पीत आलो होतो. हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि बसमध्ये बसेपर्यंत त्यांना ते सांगावे हे मलाही सुचले नव्हते.

सावराईच्या सड्यावर सायंकाळी गवे दिसले. दूरवर काळ्या पाठी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे खूर. चाळीस तोंडांतून एकदम आरोळी उठली आणि गवे झाडीत शिरले. सारा प्रकार मिनिटभराचा. मुले हिरमुसली. आमच्याबरोबर धनगरवाड्यावरचा एक म्हातारा वाटाड्या होता. तो म्हणाला, "मास्तर, गवा दिसतो तवा तो निघाल्यालाच असतोय. बसल्याला गवा ऐकायचा असतोय." मग त्याने मुलांना ओळीने खाली बसविले. दहा मिनिटे कोणी बोलले नाही. झाडीत फांदी मोडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग दमदार फुरफुर. गवे गेलेच नव्हते; ते आत उभे राहून चरत होते. तो क्षण माझ्या आठवणीत राहिला आहे आणि त्यात पाहण्यासारखे काहीही नव्हते.

आश्चर्य असे की, एकूण निबंधांपैकी एकाच निबंधात हे ऐकणे आले. गवळ्याच्या घरच्या एका मुलीने तो लिहिला होता. त्यात तिने वाटेवर पडलेल्या गव्याच्या शेणाचे वर्णन केले होते: किती ताजे होते, त्यावर कोणते किडे होते, गवत किती बारीक चघळलेले होते. वर तिची टीप होती की, शेण आमच्या म्हशीसारखेच आहे, फक्त थापायला कोणी नाही. पहिल्या वाचनात मी त्या निबंधाला दहापैकी पाच गुण दिले होते. शेणाचा उल्लेख मला अप्रस्तुत वाटला होता. समासात तसा शेराही मारला होता. डरकाळीच्या निबंधाला आठ गुण होते.

पाहुण्याच्या वाङ्मयाने शिक्षकाची दृष्टी कशी घडविली याचा यापेक्षा बोलका पुरावा मजपाशी नाही. त्या मुलीने अरण्यात आपले घर ओळखले होते आणि मी ते खोडले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी दोन्ही निबंध, नावे न घेता, मोठ्याने वाचले आणि माझे गुण चुकले असे सांगितले. डरकाळीवाल्या मुलाने हात वर करून विचारले, "मग सर, आमच्या धड्यातलं खोटं व्हय?" मी म्हणालो, "सगळे खोटे नाही. पण कुठले खरे, हे आपण विचारलेच नव्हते."

अरण्यवाङ्मयाकडून मी आता तीन गोष्टी मागतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ नसावी. जनावराला आधी जनावर म्हणून जागा मिळावी. आपले रूपक मागून यावे. आणि ज्यांच्या बोटाला धरून लेखक रानात शिरला, त्या माणसांची नावे व त्यांची भाषा पानावर यावी. या कसोट्यांवर आपले थोर लेखकही कोठे कमी पडतात, हे वर दाखविले. त्याने त्यांचे थोरपण उणावत नाही. त्यांनी आपल्याला दारापर्यंत आणून सोडले आहे. पुढे जावयाचे ते आपण.

येत्या वर्षी मी मुलांना पुन्हा नेणार आहे. या खेपेस मात्र निघण्यापूर्वी दूधगंगेच्या घाटावर वर्ग भरविण्याचे ठरविले आहे. पाणी कोठून येते तेथून आरंभ करावा, म्हणजे कदाचित पाहुणेपण थोडे कमी होईल. त्या मुलीच्या वहीतील तो शेरा मी खोडला आहे. पाचाचे नऊ केले आहेत. एक गुण राखून ठेवला, तो मुख्याध्यापकाच्या जुन्या सवयीमुळे.